वाघाटी आणि आरोपीचा रकाना

चि. ओजस आणि चि. रेवा,

तुमची आई म्हणते की तुम्हाला मराठी ऐकून समजतं, पण वाचायला वेळ लागतो. मग हे तिच्याकडून वाचून घ्या. मी इंग्रजीतही लिहू शकले असते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला तेवढं येतं. पण ज्या माणसांबद्दल लिहायचं आहे ती इंग्रजीत बोलली नाहीत, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ती माणसं मलाच ओळखू येईनाशी होतात. शिवाय आमच्या सौंसरच्या मंडळींनी यंदा दिवाळी अंक काढायचं ठरवलं आहे. मॅडम, नोकरीतलं काही लिहून द्या, असा त्यांचा दोन महिन्यांपासून तगादा आहे. म्हणून हे पत्र त्यांनाही देणार आहे. दुसऱ्याला लिहिलेलं पत्र वाचायला लोकांना आवडतंच.

आत्ताच लिहायचं कारण ओजस आहे. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, तुमच्या स्टेटमध्ये जंगली मांजरांच्या शिकारीचे रूल्स काय आहेत?" तुझ्या वर्गातल्या मुलाचे वडील रीतसर परवाना काढून बॉबकॅट नावाचं रानटी मांजर मारायला जातात, याचं तुला नवल वाटलं होतं. तुमच्या राज्याची नियमांची पुस्तिकाही तू मला पाठवलीस. मी ती छापून घेतली आणि पेन्सिल हातात धरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तुला वाटलं असेल, आजी एका ओळीत उत्तर देईल. एका ओळीचं उत्तर आहेच: आमच्याकडे शिकार बंद आहे. पण मी वन विभागाच्या रेंज ऑफिसात आधी पांढुर्ण्याला आणि मग सौंसरला मिळून एकतीस वर्षं लिपिक होते. त्या एका ओळीत काय काय मावतं ते मी पाहिलं आहे. तारखा आणि नावं हल्ली निसटायला लागली आहेत, म्हणून माणसं निसटायच्या आत लिहून ठेवते.

रेंज ऑफिस म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढे अडायचं नाही. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्याला एक वनरक्षक, त्याला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. सगळ्या नाकेदारांच्या वर रेंजर. आणि या सगळ्यांनी जंगलात जे पाहिलं ते कागदावर आणणारी एक बाई, ती मी. लोक मला बाबू मॅडम म्हणत. कायदा इंग्रजीत, आमचं राज्य हिंदीचं म्हणून ऑफिस हिंदीत, आणि खिडकीशी येणारी माणसं मराठीत, तीही आमच्या इकडच्या मराठीत. माझ्या नोकरीचा अर्धा वेळ या तीन भाषांमध्ये ये-जा करण्यात गेला. पगार कारकुनाचा होता आणि काम दुभाष्याचं, पण मला ते आवडायचं. वाघ मी नोकरीत एकदाही पाहिला नाही. लिहिला मात्र पुष्कळदा.

आता तुझी पुस्तिका. ती मला आमच्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटली. कोणत्या तारखेला हंगाम उघडतो, कोणत्या तारखेला मिटतो, कोणत्या भागात किती मांजरं मारता येतील, कातडं किती दिवसांत दाखवायला आणायचं आणि त्याला बिल्ला कुठे लावायचा, हे सगळं नीट लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याचं अक्षर मी पाहिलं नाही, पण तो माझ्याच जातकुळीतला कारकून असणार. आमच्या कायद्यात असं काही नाही. शिकारीच्या प्रकरणाची सुरुवातच 'कोणीही शिकार करणार नाही' अशी आहे. पुढे अपवाद. जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल किंवा बरं न होण्याइतकं जखमी असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव अभिरक्षक कारण लिहून परवानगी देऊ शकतात. बाकी कोणी नाही.

पण गंमत पुढेच आहे. मनाईचं वाक्य एवढंसं, आणि 'शिकार' म्हणजे काय याची व्याख्या त्याच्या कितीतरी पट लांब. मारणं तर आलंच. पण पकडणं, फासा लावणं, पिंजऱ्यात घेणं, हाकून नेणं, आमिष ठेवणं, आणि यातलं काही करू पाहणं, हे सगळं शिकारच. तुमची पुस्तिका सांगते, किती मांजरं मारायची. आमचा कायदा सांगतो, शिकारी कोणाला म्हणायचं. ऑफिसात येणाऱ्या माणसाच्या डोक्यातला शिकारी म्हणजे बंदूकवाला, मिशांचा. तो मिशावाला मला क्वचित दिसला. आले ते दुसरेच.

लोधीखेड्याकडून एक म्हातारे गृहस्थ यायचे. त्यांच्या वडिलांकडे जुन्या काळचा शिकारीचा परवाना होता, कोणत्या ब्लॉकमध्ये कोणतं जनावर मारता येईल असा, शिक्का मारलेला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते दर दिवाळीच्या आधी यायचे, खिडकीतून आत सरकवायचे आणि विचारायचे, "खुलली का, बाई?"

मी सांगायची, "नाही खुलली, दादाजी."

"बरं. मंग पुढच्या साली पाहू," म्हणून ते चहा पिऊन जायचे. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, डोळ्यांनाही धड दिसत नव्हतं. त्यांना मारायचं काहीच नव्हतं. वडिलांच्या कागदाला अजून काही किंमत आहे का, एवढंच ते विचारायला यायचे. त्यांच्यामुळे मी एकदा रेकॉर्ड रूममधलं जुनं दप्तर उघडलं. एके काळी आमच्याकडेही हंगाम होते, ब्लॉक होते, जनावरांच्या याद्या होत्या, अगदी तुझ्या पुस्तिकेसारख्या. तेव्हा कळलं की आमची मनाई माझ्या आयुष्यातलीच आहे. मी शाळेत असताना ती आली.

दुसरे गृहस्थ पांढुर्ण्याचे कापडवाले. इकडे पुष्कळ घरांत अशी समजूत आहे की मांजर व्याली की तिची पिलांमागून पडणारी वार मिळवून, वाळवून देवघरात ठेवावी, घराला बरकत येते. हे गृहस्थ डबी घेऊन आले. कोणीतरी त्यांना ती वार साध्या मांजरीची नाही, रानमांजरीची आहे आणि तिचा गुण दुप्पट आहे, असं सांगून विकली होती. त्यांना आमच्याकडून सर्टिफिकेट हवं होतं की माल रानातलाच आहे. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, शेठजी, हे खरं असलं तर तुम्ही गुन्हेगार, आणि खोटं असलं तर तुम्ही फसलात, काय लिहू? त्यांनी डबी उघडून एकदा आत पाहिलं. मग म्हणाले, "खोटं लिहा, मॅडम." मी काहीच लिहिलं नाही. नाकेदाराने डबीत पाहून सांगितलं की बकरीच्या आतड्याचा वाळलेला तुकडा आहे.

हे दोन प्रसंग मी पाहुण्यांना नेहमी सांगते. तिसरा सांगत नाही. तो आज सांगते.

फेब्रुवारीचा महिना होता. आमच्याकडे तेव्हा मृगाच्या बहाराचा संत्रा तोडणीला येतो. कापूस वेचून झालेला असतो आणि उपटलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, गंज्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रचून ठेवलेल्या असतात. त्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं आणि पहिलाच फोन आला तो देवरावजींचा. सौंसर तालुक्यातले संत्र्याचे बागायतदार, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. म्हणाले, कोंबड्यांत शिरलेलं बिबट्याचं पिलू डाल्याखाली धरून ठेवलं आहे, तुमचा माणूस लवकर पाठवा, त्याची माय आसपास असेल, तोडणीच्या बाया बागेत पाय ठेवायला तयार नाहीत. डालं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. मी टेलिफोनच्या रजिस्टरमध्ये वेळ, नाव आणि निरोप लिहिला. आलेला प्रत्येक फोन मी लिहीत असे. रेंजर साहेब त्यावरून माझी चेष्टा करायचे.

नाकेदार नवीन होता, नुकताच बदलून आलेला. तो मोटरसायकलवर गेला. तो पोचेपर्यंत बागेत गर्दी जमली होती. कोणीतरी देवरावजींना म्हटलं, भाऊ, पिलू जरा वर धरा. देवरावजींनी हाताला पोतं गुंडाळलं, त्याची मान धरली आणि हसऱ्या चेहऱ्याने वर उचललं. तो फोटो निघाला. नाकेदार जनावर घेऊन ऑफिसात यायच्या आत फोटो छिंदवाड्याला, तेव्हाच्या आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, पोचला होता. खाली मजकूर होता, शेतकऱ्याने बिबट्याचे पिल्लू पकडले.

साडेअकराला वरून फोन आला. फोटोतल्या माणसावर प्रकरण का नाही? बिबट्या कायद्याच्या पहिल्या यादीत आहे. त्याला पकडणं म्हणजे शिकार, आणि त्या यादीतल्या जनावराच्या शिकारीला किमान तीन वर्षांचा तुरुंग. रेंजर साहेब तरुण होते, रीवाकडचे, वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला सांगितलं, मॅडम, पी.ओ.आर. करून टाका. पी.ओ.आर. म्हणजे वन विभागाचा गुन्ह्याचा पहिला कागद. त्यावर छापील रकाने असतात. जनावराचं नाव. गुन्ह्याचं ठिकाण. आरोपीचं नाव.

मी भरले. जनावर: बिबट्याचे पिल्लू, एक. आरोपी: देवरावजींचं पूर्ण नाव. जनावर माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर व्हरांड्यात होतं. आमचा लोखंडी पिंजरा मोठ्या जनावरांचा, त्याच्या गजांमधून ते सहज निसटलं असतं, म्हणून संत्र्याच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून वर दुसरा क्रेट उपडा बांधला होता. मी उठून पाहिलं नाही. नाकेदाराने सांगितलं तेच लिहिलं, नाकेदाराने देवरावजींनी सांगितलं तेच सांगितलं, आणि देवरावजींनी ठिपके पाहून सांगितलं होतं. असं ते नाव दोन तोंडांतून फिरून माझ्या अक्षरात पक्कं झालं. जावक क्रमांक घालून मी कागद रवाना केला. पिल्लाला दुसऱ्या दिवशी गाडीने प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरलं.

दुपारी दोनला देवरावजींना सहीसाठी बोलावलं. बरोबर त्यांची बायको इंदूबाई होती. देवरावजींना वाटत होतं की शाबासकीचा कागद असेल. वाचायला घेतला, आणि त्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मी फोन केला तं मीच चोर काहून?"

मी म्हटलं, "रकाना तसाच छापलेला आहे, देवरावजी."

मुलांनो, नोकरीत मी पुष्कळ वाक्यं बोलले. त्यातलं परत घ्यायची मुभा मिळाली तर हे घेईन.

ते बाकावर जाऊन बसले आणि पागोट्याच्या वयाचे नसतानाही एकदम म्हातारे दिसायला लागले. तोडणी अर्धी राहिली होती, तीन वर्षांचा तुरुंग हे शब्द नाकेदाराने त्यांना ऐकवले होते. इंदूबाई मात्र बसल्या नाहीत. त्या क्रेटपाशी जाऊन उकिडव्या बसल्या आणि आत पाहू लागल्या. थोड्या वेळाने खिडकीशी आल्या.

"बाई, हे पिलू नाई."

मी विचारलं, मग काय आहे?

"काय आहे ते मले नाई मालूम. पण ही लेकुरवाळी आहे. थानाले दूध आहे हिच्या. घरी चार बकऱ्या आहेत माह्या, मले समजत नाई का?"

मी काय केलं? मी त्यांना म्हटलं, बाई, कागद गेला आहे, तुम्ही बसून घ्या, साहेब येतील तेव्हा सांगा. साहेब जेवायला गेले होते आणि तिथूनच लाकडाच्या डेपोवर जाणार होते. मला वाटलं, नवऱ्याला सोडवायला बाई काहीही बोलते आहे. खरं सांगायचं तर कारण याहून लहान होतं. जावक क्रमांक पडलेला कागद चुकीचा निघणं मला सहन होत नसे. तोवरच्या सगळ्या नोकरीत माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता.

इंदूबाई पुन्हा क्रेटपाशी गेल्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्या खिडकीशी यायच्या. शेवटच्या वेळी म्हणाल्या, "मी कवाची सांगून राहिली, आन तुम्ही लिहूनच राहिल्या. दूध साचून तिचं पोट तडतडून राहिलं. तिकडे तिचे लेकरं असतीन ना उपाशी. तुम्हाले का लेकरं नाईत, बाई?"

सव्वाचार वाजले होते. मी चष्मा घेतला आणि उठले.

क्रेटच्या भोकांतून आधी डोळे दिसले. फार मोठे, त्या एवढ्याशा तोंडाला न शोभण्याइतके मोठे. कपाळावर पांढऱ्या रेघा. राखाडी अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, गंज चढल्यासारख्या रंगाच्या. मी वाकले तशी ती फिस्कारली आणि सगळे दात दिसले, पक्के, पिवळसर, म्हाताऱ्या मांजरासारखे. मला बिबट्याचं काही कळत नव्हतं, पण एवढ्याशा पिलाला असे दात नसावेत हे कोणालाही कळलं असतं. पोटाखाली इंदूबाई म्हणत होत्या तेच होतं.

ऑफिसच्या कपाटात सस्तन प्राण्यांवरचं एक जाडं इंग्रजी पुस्तक होतं. वर्षानुवर्षं त्याचा उपयोग पंख्याखाली कागद दाबायला व्हायचा. मी ते काढून मांजरांच्या पानांवरून बोट फिरवत गेले. वाघ, बिबट्या, रानमांजर, आणि मग ती. मराठीत हिला वाघाटी म्हणतात. जगातल्या सगळ्या रानटी मांजरांत लहान, पूर्ण वाढ झाली तरी घरातल्या मांजरीहून कमी. शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतात. नाकेदाराने क्रेट जप्तीचा माल तोलायच्या काट्यावर ठेवला आणि रिकाम्या क्रेटांचं वजन वजा केलं. दीड किलोच्या आत भरली. एवढ्या वजनाचं बिबट्याचं पिलू धड चालत नसतं, कोंबड्यांत कुठून शिरणार?

सकाळपासून आम्ही सगळे एका पिलाची माय शोधत होतो, आणि जिला धरून ठेवली होती तीच माय होती.

मी रेंजर साहेबांना डेपोवर फोन लावला. ते आले, पुस्तक पाहिलं, क्रेट पाहिला आणि पाच मिनिटांत जीप काढायला सांगितली. हे त्यांचं मोठेपण, नाहीतर वरची परवानगी मागत बसले असते. मी पहिल्यांदाच जीपमध्ये बसून जागेवर गेले. मागच्या बाकावर क्रेट, क्रेटवर हात ठेवून इंदूबाई, आणि समोर देवरावजी. ऊन उतरायला आलं होतं.

बागेच्या कडेला पऱ्हाटीची मोठी गंजी होती. इंदूबाईंनी आम्हाला लांब उभं केलं आणि गंजीला कान लावला. मग हात हलवून बोलावलं. आतून आवाज येत होता, पक्ष्याच्या पिलासारखा, बारीक. त्यांनी वरची चार झाडं उचलली. आत तीन पिल्लं होती. दोन हलत होती. तिसरं थंड पडलं होतं.

इंदूबाईंनी पऱ्हाटी जशी होती तशी परत ठेवली. क्रेट गंजीपासून दहा हातांवर उघडला. वाघाटी लगेच निघाली नाही. आमच्याकडे पाहत बसली. आम्ही सगळे पार संत्र्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत मागे सरकलो, तेव्हा जमिनीला पोट लावून ती निघाली आणि गंजीत शिरली. आवाज काही वेळाने थांबला. इंदूबाई म्हणाल्या, "प्यायले." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दोनाले सांगितलं तेव्हाच आलो असतो तं तिन्ही प्यायले असते."

कदाचित ते सकाळीच गेलं असेल. नक्की कोणालाच सांगता येणार नाही. मी मात्र ते दोन ते सव्वाचारच्या मध्येच गेलं असं धरून चालते.

राहिलेल्या सहीसाठी दोघांना परत ऑफिसात नेताना इंदूबाईंनी विचारलं, बिबट्या नव्हता ना, मंग सुटले ना हे? सगळ्यांनाच तसं वाटत होतं, रेंजर साहेबांनासुद्धा. यादीत काय आहे ते जीपमध्ये फक्त मला पाठ होतं. मला सांगावं लागलं की नाही सुटले. वाघाटी दीड किलोची असली तरी बिबट्याच्याच यादीत आहे, वाघाच्याही. कायदा जनावर तोलून शिक्षा ठरवत नाही. नाव बदललं तरी तीन वर्षं तीच.

देवरावजींनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हंजे मांजर सुटली, मीच राहिलो क्रेटात," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेले. पहिला कागद फाडता येत नव्हता. पी.ओ.आर. एकदा झाला की त्याची चौकशी होते आणि निकाल वरचे अधिकारी किंवा कोर्ट देतं. मला करता येण्यासारखं एकच होतं, त्याच्या पाठोपाठ दुसरा कागद पाठवणं. त्यात मी लिहिलं की जनावराची ओळख या ऑफिसने चुकीची लिहिली, आणि लिहिणारी मी. जनावर धरल्यावर सकाळी स्वतः देवरावजींनीच खबर दिली, याला टेलिफोनच्या रजिस्टरचा आधार जोडला, वेळेसकट. ज्यांना आरोपी लिहिलं ते खरं म्हणजे खबर देणारे होते. जनावर दूध पाजणारं आहे हे त्यांच्या पत्नीने ओळखलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ऑफिसने ऐकलं नाही. रेंजर साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, मॅडम, यातलं शेवटचं वाक्य काढा, तुमच्यावर येईल. मी म्हटलं, साहेब, ते काढलं तर आधीची वाक्यं उभी राहत नाहीत. त्यांनी सही केली. माझी चेष्टा त्यांनी त्या दिवसापासून सोडली.

मला लेखी समज मिळाली. तिचं मला काही वाटलं नाही, ती मिळायलाच हवी होती. पण देवरावजींना त्या दुसऱ्या कागदाने लगेच सोडवलं नाही. वर्ष, सव्वा वर्ष ते जबाबासाठी छिंदवाड्याच्या बसने जात-येत राहिले. एका खेपेला नेमकी तोडणी होती. गावात लोक त्यांना बिबटराव म्हणायला लागले. आधी थट्टेने, मग सवयीने. अखेर एक दिवस एका वाक्याचं पत्र आलं, प्रकरण बंद. ते मी टपालाने पाठवलं नाही. स्वतः घेऊन बागेत गेले.

देवरावजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. इंदूबाईंनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं. देवरावजी उभेच राहिले.

"मॅडम, तुमचं भलं झालं पाहिजे, तुम्ही दुसरा कागद केला," ते म्हणाले. "पण आता पुढं काही दिसलं ना, तं मी पाहिलंच नाई म्हणीन. गावात सगळेच असं म्हणतीन."

आणि तसंच झालं. त्या भागातून पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत आमच्या ऑफिसला खबर देणारा एकही फोन आला नाही. रजिस्टर माझंच, म्हणून मला खात्रीने माहीत आहे. जनावरं नाहीशी झाली म्हणून नव्हे, लोकांनी कळवणं सोडलं म्हणून. ओजस, तुझी पुस्तिका वाचताना मी हेच शोधत होते. कातडं दाखवायला येणाऱ्या माणसाशी खिडकीतली बाई कसं बोलते, हे कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या कायद्यातही नाही. कदाचित ते लिहिता येत नसेल. पण सगळं त्याच्यावर चालतं, हे मला एकतीस वर्षं नोकरी करून कळलं, आणि तेही शेवटच्या काही वर्षांत.

पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. सौंसर त्यातच आलं, म्हणजे अशी कामं असली तर छिंदवाड्याची बस धरायला नको. मी निवृत्त आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे. देवरावजी रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात, थांबत नाहीत. इंदूबाई मात्र दर हंगामात संत्री पाठवतात आणि मागच्या फेब्रुवारीत त्यांनी मला बोलावून घेतलं. बाकीची पऱ्हाटी चुलीला जाते. धुऱ्यावरची एक गंजी ते हलवत नाहीत, दर वर्षी तिच्यावर नवी पऱ्हाटी टाकतात. टाकतात ते देवरावजीच, इंदूबाईंनी सांगितलं. कोंबड्यांना त्यांनी बारीक जाळीचं खुराडं केलं आहे. हे करा असं त्यांना कोणत्याही नियमाने सांगितलेलं नाही, आणि त्यांनीही ते कोणत्याच ऑफिसला सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. या पत्रात त्या गावाचं नाव कुठेच आलेलं नाही, आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. आयुष्यभर सगळं लिहून ठेवणाऱ्या बाईने मुद्दाम न लिहिलेली ही एवढीच गोष्ट.

त्या गंजीत वाघाट्या आहेत. मागच्या फेब्रुवारीत इंदूबाईंनी तीन मोजल्या.